तिरफळ बेतानं घाल

माझ्या धाकट्या भावाच्या खतखत्यात चार वर्षं तिरफळ कमी पडत होतं, आणि ते माझ्यामुळे. ऐकणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. मीही बराच काळ स्वतःची तशीच समजूत घालत होतो.

आमचं गाव तळकोकणात, गोव्याच्या हद्दीला लागून. तिकडे देवळात जेवण असलं की खतखतं हवंच. पाच-सात भाज्या, तुरीची डाळ, वाटलेलं ओलं खोबरं आणि तिरफळ. तिरफळ मिरीपेक्षा थोडं मोठं. वाळलं की तोंड उघडतं. आतली काळी बी टाकायची, साल ठेचायची आणि भाजी खदखदत असताना घालायची. खाल्लं की जिभेला मुंग्या येतात. माझे वडील म्हणायचे, "मुंगये इले नाय तर ता खतखतां नाय, मिसळभाजी."

बाबा पोटासाठी शिवणकाम करत, पण गावात त्यांना शिंपी म्हणून कोणी ओळखत नसे. देवळातल्या भजनाला मृदंग त्यांचा आणि देवळातल्या जेवणाला टोपावरचा हातही त्यांचाच. आमच्या घराण्यात ही दोन कामं एकाच माणसाकडे येत. आजोबांकडे होती, त्यांच्या वडिलांकडे होती. याचं कारण कोणी सांगितलं नाही, पण लहानपणी बघून मला ते कळलं होतं. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत अन्न चाखायचं नाही, त्यामुळे तीनशे माणसांचं जेवण बाबा जिभेशिवाय करत. मीठ अंदाजाने, बाकी सगळं कानाने आणि नाकाने. भाजीचा आवाज बदलला की ते जाळ ओढत. वेळ मोजायला घड्याळ नव्हतं. सुरणाच्या फोडींना भजनाचा एक पुरा गजर, लाल भोपळ्याला अर्धा. टोपाशी उभे राहून ते तोंडातल्या तोंडात गजर म्हणत आणि डाव्या हाताने मांडीवर ठेका धरत.

आणखी एक गोष्ट होती. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय त्यातून भारदस्त आवाज निघत नाही. बाबा जेवणासाठी कणीक भिजवत तेव्हा पहिला गोळा मृदंगासाठी काढून ठेवत. भजन संपलं की ती कणीक खरवडून नदीत माशांना घालायची, कारण वाजलेली कणीक माणसाने खायची नसते. आणि ज्या दिवशी वाजवणारा थकेल, त्या दिवशी त्याने चार माणसांत आपल्या हाताने शेवटची कणीक लावून मृदंग पुढच्याच्या मांडीवर द्यायचा. याला आमच्याकडे कणीक लावून देणं म्हणतात. तोपर्यंत पुढचा कितीही चांगला वाजवत असला तरी तो वाजवणारा नव्हे. आणि न देताच माणूस गेला, तर मृदंग देवळात टांगायचा. घरातल्या कोणी मग त्याला हात लावायचा नाही.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि धाकटा चार. बाबा त्याला घेऊनच देवळात जात. टोपाची ऊब आणि मृदंगाचा आवाज यांतच तो मोठा झाला. माझा हात दोन्हीकडे जड होता. बाबांनी कधी तसं म्हटलं नाही. एकदा मी मृदंगावर थाप मारली तेव्हा ते फक्त म्हणाले, "तू शीक. शाळेत चांगलो आसस." मी शिकलो. डिप्लोमा केला, मुंबईला एका कंपनीत ड्राफ्ट्समन झालो आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अबुधाबीला आलो.

इथे आल्यावर मी पहिल्यांदा टाकून दिली ती माझी बोली. ऑफिसातले मराठी लोक मुंबई-पुण्याचे होते. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून एकदा 'कुठे'ऐवजी "खंय" निघालं आणि एकजण हसून म्हणाला, "वा, मालवणी नाटकात काम करता की काय?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी त्यानंतर घरीही प्रमाण मराठीच बोलू लागलो. माझी बायको दादरची, तिला काही फरक पडला नाही. मुलगी झाली, तिच्या कानावर मालवणी पडलीच नाही.

धाकट्याला मीच इकडे आणलं. दुबईच्या अल क्वोज भागात एक मोठं स्वयंपाकघर होतं. तिथून लेबर कॅम्पांना जेवण जायचं. तिथे त्याला मदतनीस म्हणून लावलं. राहायची सोयही तिथेच, एका खोलीत आठ जण. मला वाटलं तो खचेल. पहिल्या शुक्रवारी भेटायला गेलो तर म्हणाला, "दादा, हंयचो टोप आपल्या देवळातल्या टोपापेक्षा मोठो आसा. आत बसान माणूस न्हायत!" सहा महिन्यांनी त्याचा मुख्य स्वयंपाकी मला भेटला. केरळचा, वयस्क माणूस. म्हणाला, "तुम्हारा भाई कान से पकाता है. मैं बोलता हूँ चख के देखो, वो बोलता है सुन के देखो." त्याला हे सांगताना अभिमान वाटत होता. मी मान डोलावली आणि गाडीकडे चालू लागलो.

ओळखीच्या लोकांना मी सांगत असे, भाऊ दुबईत केटरिंगमध्ये आहे, मॅनेजमेंट साइडला. त्याला कधी घरी बोलावलं आणि नेमकं कोणी आलं, तर तो आपण होऊन उठून स्वयंपाकघरात जायचा. मी त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं. थांबवलंही नाही.

अबुधाबी-दुबई-शारजातले आम्ही तीस-चाळीस मराठी कुटुंबं मिळून गणपती करत असू. मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे, एका कंपनीत फार वरच्या हुद्द्यावर. उम्म अल क्वैनमध्ये एक मोठं गोदाम त्यांच्या ताब्यात होतं. दारं लावून, आवाज बेताचा ठेवून आम्ही तिथे एक शुक्रवार सकाळपासून दुपारपर्यंत एकत्र घालवायचो. एका वर्षी ठरलेला केटरर ऐनवेळी फिरला. माझ्या बायकोने मला न विचारता धाकट्याचं नाव सांगून टाकलं. तो आला, दोनशे पानांचं जेवण त्याने एकट्याने काढलं, आणि भजनाला कोणी आणलेला पखवाज बिनवाजवता पडलेला पाहून कणकेचा गोळा घेऊन बसला. त्या दिवशी लोक मला शोधत आले. अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, हा हिरा तुम्ही लपवून ठेवलात की!"

ते खरं होतं. पण मी हसलो, जणू गंमतच.

पुढच्या वर्षापासून मी बदललो. "आमच्याकडे तळकोकणात असंच असतं," असं मी सांगू लागलो. आमचे बाबा, आमचं देऊळ, आमचा मृदंग. ज्याची इतकी वर्षं लाज वाटली ते आता मिरवण्यासारखं झालं होतं, आणि मी ते धाकट्याच्या जिवावर मिरवत होतो. तिसऱ्या वर्षी अध्यक्षांचे कंपनीतले काही मोठे पाहुणे येणार होते. त्यांनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं, "जेवण आणि भजन, दोन्ही तुमच्या बंधूंकडे. मी पाहुण्यांना शब्द दिलाय." मी म्हणालो, "निश्चिंत राहा सर." त्यांच्या पत्नीने मागून फोन घेतला. "ते खतखतं छान होतं हो, पण ते काहीतरी फार झोंबतं. थोडं सौम्य करता येईल का?"

त्या शुक्रवारच्या आधी नऊ दिवस, बुधवारी सकाळी, घरी बाबांचा फोन आला. बाबा स्वतः कधी फोन करत नसत. बाजारातल्या बूथपर्यंत चालत आले होते, धाप ऐकू येत होती.

"काय झालं बाबा?"

"काय जावक नाय. हात कापता."

"कोणता?"

"डावो. चार दिवस भजनाक बसाक नाय. कोणाक सांगूक नाय, तूय सांगा नको. धाकट्याक धाड. माझ्या हातान कणीक लावन देतंय. मगे माझो जीव सुटलो."

मी म्हणालो, बघतो. रजेचं बघावं लागेल, पासपोर्ट कंपनीकडे असतो, दोन-तीन आठवडे तर लागतील. ते म्हणाले, "बघ. पण धाड." आणि फोन ठेवला.

धाकट्याच्या राहत्या जागी फोन नव्हता. गावाकडचं जे काही त्याला कळायचं ते माझ्याकडून. म्हणजे हा निरोप आता माझ्या हातात होता. मी ठरवलं, शुक्रवार होऊ दे. नऊच दिवस. हात कापतो याने माणूस मरत नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच धरून म्हणाली, "आजच सांगा हो त्यांना. त्यांचं त्यांना ठरवू दे."

"तो कार्यक्रम टाकून निघेल."

"मग निघू दे."

"मी शब्द दिलाय," मी आवाज खाली करून म्हणालो, कारण मुलगी टेबलाशी बसली होती. सहा वर्षांची. तिने मान वर न करताच विचारलं, "बाबा, व्हाय आर यू व्हिस्परिंग?"

पाहुणे महत्त्वाचे नसते तर मी त्याच दिवशी अल क्वोजला गेलो असतो का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. गेलो असतो असं वाटतं. उत्तर हेच असल्यामुळे तो प्रश्न मला सोडत नाही.

त्या शुक्रवारी मी पहाटेच उम्म अल क्वैनला पोचलो. धाकटा आधीच तिथे होता. गोदामामागच्या पत्र्याच्या आडोशाला दोन शेगड्या पेटलेल्या होत्या. मोठ्या टोपात सुरण शिजत होतं आणि तो गजर म्हणत उभा होता. शेजारी ताटलीत ठेचलेलं तिरफळ. भरपूर. मी ते बघितलं.

"अरे, हे जरा कमी घाल."

"कमी? ह्या?" तो हसला. "दादा, तू ड्रॉइंग काढ. टोपात बघू नको."

"पाहुणे आहेत आज. त्यांना सवय नसते."

"मगे सवय होयत."

तो माझं ऐकणार नव्हता, आणि का ऐकावं? तो पुन्हा गजर म्हणू लागला. मध्येच थांबून त्याने सहज विचारलं, "बाबांचो फोन इल्लो काय?"

मी म्हणालो, "आला होता." आणि मग, एकही क्षण न थांबता, "बरे आहेत. तुझ्यासाठी निरोप दिलाय. म्हणाले, खतखत्यात तिरफळ बेतानं घाल."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, पकडला गेलो. बाबा असं बोलणारे नव्हते. पण तो ताटलीकडे वळला, अर्धंअधिक तिरफळ काढून कागदात बांधलं, आणि म्हणाला, "बाबा म्हणालेत म्हणजे कायतरी असतला." बस. एवढंच.

त्या दिवशी तो फार सुंदर वाजवत होता. पाहुण्यांपैकी एकाने डोळे मिटून घेतले होते. जेवताना अध्यक्षांच्या पत्नी लांबून मला हाताने 'छान' अशी खूण करत होत्या. मी पंगतीत वाढत फिरत होतो, आणि बाबांचा निरोप अजून माझ्यापाशीच होता. निघताना धाकट्याने खरवडलेली कणीक कागदात घेतली आणि खाडीवर जाऊन माशांना घातली. मी गाडीत बसून वाट बघितली. परत आला तेव्हा मी त्याला सांगणार होतो. पण तो इतका खुशीत होता, की मी म्हटलं, उद्या.

शनिवारी सकाळी गावाहून शेजाऱ्याचा फोन आला. बाबा पहाटे झोपेतच गेले होते.

आम्ही दोघं गेलो तोवर सगळं उरकलं होतं. फोनबद्दल गावात कोणालाच काही माहीत नव्हतं. बाबांनी स्वतः कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मी, त्यांनी ज्याला सांगायला सांगितलं होतं त्यालाही सांगितलं नव्हतं. तेराव्याला भजनी मंडळींनी मृदंग देवळात नेला. धाकट्याने स्वतःच तो दाराबाहेर काढून त्यांच्या हातात दिला. एका म्हाताऱ्या बुवांनी त्याला विचारलं, "बापाशीन तुका कायच सांगूक नाय?" तो म्हणाला, "तिरफळ बेतानं घाल, इतक्यांच सांगल्यानी." बुवांना काही कळलं नाही. मी शेजारीच उभा होतो.

परतीच्या विमानात तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "दादा, बाबांचो माझ्या हातावर भरवसो नाय होतो."

"असं का म्हणतोस?"

"असतो तर बोलावल्यानी असतो. माका टोप दिल्यानी. मृदंग नाय दिल्यानी."

तेव्हा सांगायला हवं होतं. विमानात, अरबी समुद्रावर, दोघांच्या मध्ये फक्त एक हात टेकायची पट्टी होती. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "झालं ते झालं."

नंतर तो वाजवेनासा झाला. मंडळाने आग्रह केला, त्याने हसून नकार दिला. जेवण मात्र करायचा. पुढे त्याने अल क्वोजचं काम सोडलं, दुबईतल्या एका छोट्या हॉटेलात स्वयंपाकी झाला, मग मुख्य स्वयंपाकी. शुक्रवारी तिथे कोकणी जेवण असायचं आणि लोक शारजाहून येत. केरळचा तो म्हातारा एकदा मला तिथे भेटला. म्हणाला, "खाना अच्छा है. लेकिन अभी वो घड़ी देखता है." मी आत डोकावलो. भिंतीवर मोठं घड्याळ होतं, आणि धाकटा त्याच्याकडे बघून सुरण उतरवत होता. तोंडात गजर नव्हता.

मी गेलो की तो मला खतखतं वाढायचा. जिभेला काहीच व्हायचं नाही. मी सगळं खाऊन ताट पुसून घ्यायचो.

अशी चार वर्षं गेली. आम्ही तोवर अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आलो होतो. आजूबाजूला अजून बरेच प्लॉट रिकामे होते, वाळू दारापर्यंत यायची. मुलगी दहा वर्षांची झाली होती. तिला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं: घरातला एक पदार्थ आणि तो कोणाकडून आला. काका शुक्रवारी आला तेव्हा तिने वही काढून त्याची मुलाखत घेतली. तो मोडक्या इंग्रजीत, हिंदीत, हातवारे करत उत्तरं देत होता, ती खिदळत होती. "काका, नो, स्लोली! हाऊ डू यू स्पेल तिरफळ?" मी बाहेर झाडांना पाणी घालत होतो.

शनिवारी सकाळी, शाळेची बस यायच्या आधी, तिने वही माझ्यापुढे ठेवली. "बाबा, साइन. पेरेंट्स सिग्नेचर." मी वाचलं. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, इंग्रजीत, की माझे आजोबा संगीतकार आणि आचारी होते. त्यांनी माझ्या काकाला स्वयंपाक शिकवला. संगीत दिलं नाही, कारण काकाचा हात तेवढा चांगला नव्हता. मरण्याआधी आजोबांनी काकाला शेवटचा निरोप पाठवला की तिरफळ कमी घाल, म्हणून आमच्या घरात तिरफळ कमी घालतात. मी मोठी झाले की मीही कमी घालणार.

बसचा हॉर्न वाजला. मी सही केली.

सही केली, हे लिहायलाच हवं. माझी मुलगी माझं खोटं दप्तरात घालून शाळेत गेली आणि मी दारात उभा राहून हात हलवला. बायकोने ती वही आदल्या दिवशीच वाचली होती. ती म्हणाली, "आता तरी?" तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो आठवडा ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या शुक्रवारी मी दुबईला गेलो. दुपारची गर्दी ओसरली होती. धाकटा मागच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. बुधवारचा फोन, बाबांची धाप, कापणारा हात. बाबांचे शब्द मी प्रमाण मराठीत सांगू लागलो आणि ते तोंडातून येईनात. इतक्या वर्षांनी मग मी आमच्या बोलीत बोललो. "धाकट्याक धाड. माझ्या हातान कणीक लावन देतंय. मगे माझो जीव सुटलो."

तो म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं.

"जीव सुटलो म्हणाले?"

"होय."

"आणि तिरफळ?"

"तां माझां."

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, तो मारील. मारायला हवं होतं. तो म्हणाला, "चार वर्षां मी लोकांका फुळकवणी वाढलंय, नुसतां पाणी." आणि हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं. मग त्याचा चेहरा बदलला, तो उठून आत गेला. दार लागलं. मी तासभर तिथे थांबलो. शेवटी एक ओळखीचा वेटर बाहेर येऊन म्हणाला, "भाई बोलता है, आप जाओ."

तीन महिने तो आला नाही. फोन केला की घ्यायचा, पण फक्त "वयनीक दी" म्हणायचा. वहिनीशी, पुतणीशी बोलायचा आणि ठेवायचा. गणपती जवळ आले तसा एक दिवस त्याने फोन केला आणि मला द्यायला सांगितलं.

"दादा, त्या गोदामात ह्या वर्षी आसा मा?"

"आहे."

"मी जेवण करतंय. आणि तू निरोप सांगतलंस."

"मी तुला सांगितला."

"माका एकट्याक सांगितलंस. कणीक चार माणसांत लावतत, तसो निरोपय चार माणसांत सांगूचो असता. तोवर तो पावलो नाय." मग म्हणाला, "सगळो सांग. तुझो पण."

ज्या लोकांसाठी मी तो निरोप दाबला, त्याच लोकांसमोर. त्याने मुद्दाम तसं ठरवलं होतं का, मला माहीत नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी पुढच्या रांगेत बसेन."

त्या शुक्रवारी आरतीआधी मी उभा राहिलो. समोर तीस-चाळीस कुटुंबं, अध्यक्ष, त्यांच्या पत्नी, मुलं. लोकांना वाटलं मी आभार मानणार. मी म्हणालो, माझ्या वडिलांचा एक निरोप आहे, चार वर्षं उशिरा पोचवतोय. मग सांगितलं. बाबांचे शब्द त्यांच्याच बोलीत, कोणी हसलं नाही. गोदामातले मोठे पंखे फिरत होते. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "अहो, हे घरगुती आहे ना? आरतीची वेळ झालीय, लोक खोळंबलेत." मागच्या दारातून धाकट्याचा आवाज आला, "पुरा होवंदे." तो परात हातात धरून उभा होता.

मग मी तिरफळाचंही सांगितलं. ते बाबा म्हणाले नव्हते, मी म्हणालो होतो, तुम्हाला झोंबू नये म्हणून. अध्यक्षांच्या पत्नीने मान खाली घातली. त्यांचा यात काय दोष? मला ते सांगायचं होतं, पण ते राहून गेलं. मी खाली बसलो.

धाकटा पुढे आला. पखवाज मांडीवर घेतला. परातीतला पहिला गोळा उचलला आणि स्वतःच्या हाताने डाव्या तोंडावर थापला. अंगठ्याने कडा दाबत तो बराच वेळ बसून राहिला. मला वाटलं, तो वाजवणार नाही. मग वाजवलं. चार वर्षं सुटलेला हात होता. तिसऱ्या आवर्तनात चुकला, थांबला, पुन्हा समेवर आला. डोळे त्याने मिटले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

पंगतीत खतखतं आलं तेव्हा लोकांनी पाणी मागायला सुरुवात केली. एक आई मुलाला म्हणाली, "हळू, झोंबेल." माझी जीभ बधिर झाली होती. मला लहानपणीची पंगत आठवली, पण मी ती फार वेळ आठवत बसलो नाही. तो हक्क माझा आहे असं वाटलं नाही.

आवरताना धाकट्याने खरवडलेली कणीक कागदात बांधून माझ्या हातात दिली. "माशांका घाल," एवढंच म्हणाला आणि टोप घासायला वळला.

मुलगी माझ्याबरोबर खाडीवर आली. ऊन उतरत होतं, पाणी उथळ आणि स्वच्छ होतं. तिने विचारलं, "इज काका स्टिल अँग्री?"

"हो."

"विथ यू?"

"हो."

तिने माझ्या हातातल्या कणकेचा एक तुकडा तोडून घेतला आणि पाण्यात टाकला. मासे लगेच आले नाहीत. आम्ही थांबलो.